झाशीच्या राणीसाहेब आणि सहा लाखांची अमानत

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईसाहेबांचे चित्र आपल्या ज्ञातीतील घराघरांतून भक्तिभावाने लावलेले आढळते. पाठीशी बांधलेले बालक, हाती उपसलेली तलवार आणि धावता घोडा ही त्यांची मूर्ती लहान मुलांच्याही डोळ्यांपुढे उभी असते. परंतु तलवार हाती घेण्यापूर्वी राणीसाहेबांनी सुमारे तीन वर्षे एक निराळाच लढा दिला. तो अर्जांचा, खलित्यांचा आणि हिशेबांचा लढा होता. रणांगणाची हकीकत सर्वांस ठाऊक असल्यामुळे ह्या लेखात आम्ही त्या कागदी लढ्याचाच परिचय वाचकांस करून देणार आहो.

राणीसाहेबांचे माहेर तांबे घराण्यातले. वडील मोरोपंत तांबे हे काशीस चिमाजी आप्पांच्या पदरी होते व पुढे ते ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयास आले. काशीत जन्मलेली त्यांची कन्या मनू ब्रह्मावर्ताच्या त्या वाड्यात वाढली. इ. स. १८४२ मध्ये झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर ह्यांच्याशी तिचा विवाह झाला व ती लक्ष्मीबाई झाली. नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे. पेशव्यांचे सुभेदार म्हणून ते बुंदेलखंडात गेले आणि तेथेच स्थिर झाले. इ. स. १८१७ च्या तहाने कंपनी सरकारने झाशीचे राज्य ह्या घराण्याकडे वंशपरंपरा चालावे असे मान्य केले होते.

इ. स. १८५१ मध्ये राणीसाहेबांस पुत्र झाला, परंतु तो काही महिन्यांतच निवर्तला. पुढे दोन वर्षांनी गंगाधरराव आजारी पडले. दिनांक २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी नेवाळकर कुळातीलच आनंदराव नामक पाच वर्षांच्या मुलास यथाशास्त्र दत्तक घेतले व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. ह्या समयी कंपनीचे अधिकारी मेजर एलिस व कॅप्टन मार्टिन हे समक्ष हजर होते. दत्तक मान्य व्हावा आणि राज्यकारभार राणीसाहेबांकडे असावा, अशा आशयाचा खलिता महाराजांनी स्वतः एलिस साहेबांच्या स्वाधीन केला. दुसऱ्याच दिवशी महाराजांनी देह ठेविला.

त्या वेळी लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होते. औरस पुत्र नसलेल्या मांडलिक संस्थानिकाचा दत्तक सरकारच्या संमतीवाचून राज्याचा वारस होऊ शकत नाही, असे त्यांचे धोरण होते. ह्याच न्यायाने इ. स. १८४८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींची गादी गेली होती. राणीसाहेबांनी १८१७ च्या तहाचा आधार घेऊन आपली बाजू मांडली. शेजारच्या बुंदेली संस्थानांत दत्तक मान्य झाले असल्याचे दाखलेही पुढे आले. परंतु झाशीचे राज्य मूळ पेशव्यांच्या सुभेदाराचे, म्हणून ते स्वतंत्र नव्हे, असे ठरवून मार्च १८५४ मध्ये झाशी खालसा करण्यात आली. राणीसाहेबांस दरमहा ५,००० रुपयांचे आजन्म वेतन व शहरातील वाडा नेमून देऊन किल्ला ताब्यात घेण्यात आला.

आता वाचकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. राज्य एक आणि राजाची खाजगी दौलत एक, असा भेद कायद्यात मानला जातो. राज्य खालसा झाले तरी जवाहीर, रोकड इत्यादी खाजगी चीजवस्तू राणीसाहेबांकडे राहावी, अशी शिफारस पोलिटिकल एजंट मेजर माल्कम ह्यांनी केली होती. ह्यावर डलहौसी साहेबांनी असा निर्णय दिला, की हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तविधान शुद्ध असल्यामुळे खाजगी संपत्तीचा मालक दत्तक पुत्र होय, विधवा नव्हे. म्हणजे ज्या विधीने दामोदरराव राज्याचे वारस होऊ शकले नाहीत, त्याच विधीने ते तिजोरीचे मात्र वारस ठरले! मुलगा अज्ञान होता. तेव्हा सुमारे सहा लाख रुपयांची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावे सरकारने आपल्याच खजिन्यात अमानत म्हणून ठेवली.

वरवर पाहता ह्यात अन्याय तो कोणता, असे कोणी विचारील. अज्ञान वारसाचे धन सुरक्षित राहावे हे तत्त्व उत्तमच आहे. परंतु जो राज्य घेतो तोच जेव्हा त्या वारसाच्या धनाचा पालक होतो, तेव्हा त्याचा हिशेब कोणी तपासावयाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर पुढील तीन वर्षांत राणीसाहेबांस पदोपदी मिळत गेले.

प्रथम, गंगाधररावांच्या वेळचे राज्याचे कर्ज राणीसाहेबांच्या वेतनातून फेडून घ्यावे, असे सरकारने ठरविले. राज्य गेले ते कंपनीकडे, आणि त्या राज्याचे देणे मात्र विधवेच्या माथी! त्यानंतर घराण्याची कुलदेवता महालक्ष्मी हिच्या देवस्थानाकडे पूर्वापार चालत आलेले गावांचे उत्पन्नही सरकारजमा झाले. पुढे दामोदररावांच्या मौंजीबंधनाचा समय आला. ह्या मंगल कार्यासाठी मुलाच्याच अमानतीतून एक लाख रुपये मिळावेत, असा अर्ज राणीसाहेबांनी केला. मुलाने सज्ञान झाल्यावर तक्रार केल्यास ही रक्कम परत भरून देऊ, असे लिहून देणारे चार जामीनदार सरकारने मागितले. एका मातेस आपल्या पुत्राच्या मुंजीसाठी पुत्राच्याच पैशाला जामीन द्यावे लागले. राणीसाहेबांनी ते दिले, आणि मुंज थाटाने केली.

ह्या काळात राणीसाहेबांनी सनदशीर मार्ग सोडला नाही, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. जॉन लँग नामक वकिलास झाशीस बोलावून त्यांनी त्याचा सल्ला घेतला आणि विलायतेस कंपनीच्या संचालकांपर्यंत दाद मागितली. तीही फेटाळली गेली. कायद्याची सर्व द्वारे ठोठावून ती बंद आहेत असे पाहिलेली ही स्त्री होती, हे ध्यानी घेतल्यावाचून १८५७ च्या लक्ष्मीबाई नीट समजणार नाहीत.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. जून १८५७ मध्ये झाशीत शिपायांचा उठाव झाला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज ह्यांनी शहरास वेढा दिला. एप्रिलच्या आरंभी राणीसाहेब दामोदररावांसह किल्ल्यातून बाहेर पडल्या. वडील मोरोपंत पकडले जाऊन फाशी गेले. काल्पीनंतर ग्वाल्हेरजवळ जून १८५८ मध्ये राणीसाहेबांनी रणांगणावर देह ठेविला.

चित्रातील ते बालक पुढे कोठे गेले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. काही विश्वासू सेवकांसह दामोदरराव सुमारे दोन वर्षे रानोमाळ भटकले. इ. स. १८६० मध्ये ते इंदूरास इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले. सरकारने त्यांस वेतन बांधून दिले. ती सहा लाखांची अमानत? ती बंडाचे निमित्त करून जप्त झाली होती. बंडाच्या वेळी तिचा धनी नऊ वर्षांचाही नव्हता. आईच्या हाती द्यावयास नको, कारण ते मुलाचे धन, असे सांगून जे राखून ठेवले, तेच आईच्या अपराधाबद्दल मुलाकडून कायमचे काढून घेतले गेले. दामोदरराव इंदूरासच राहिले व इ. स. १९०६ मध्ये निवर्तले. ती रक्कम त्यांस कधीच मिळाली नाही. त्यांच्या वंशजांनी झाशीवाले हे नाव धारण केले. गेलेल्या राज्यातून ते नाव तेवढे घराण्याकडे राहिले.

राज्ये आणि तिजोऱ्या आज आपल्या घरी नाहीत. परंतु विधवेचा वाटा, अज्ञान मुलाच्या नावची ठेव आणि दत्तकाचा हक्क हे प्रश्न अजूनही कुटुंबाकुटुंबांतून उद्भवतात, आणि पुष्कळदा पालकपण सरकारकडे नव्हे, तर घरातल्याच वडीलधाऱ्यांकडे असते. ज्याच्या हाती दुसऱ्याची ठेव आहे, त्याने हिशेब मागण्याची वाट न पाहता तो आपण होऊन दाखवावा. राणीसाहेबांच्या चित्रापुढे हात जोडताना त्यांच्या तलवारीबरोबरच त्या एक लाखाच्या अर्जाचीही आठवण ज्ञातिबांधवांनी ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.