पाच फुटांची सुझान

पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात रेन्वार या थोर चित्रकाराचे 'शहरातील नृत्य' हे १८८३ सालचे चित्र आहे. जवळजवळ ६ फूट उंचीच्या त्या चित्रात एक तरुणी आपल्या जोडीदाराबरोबर नाचते आहे. तिच्या पांढऱ्या रेशमी झग्याचा घोळ जमिनीवर लोळतो आहे, हातांत लांब पांढरे मोजे आहेत, मान डौलदार आहे. पाहणाऱ्याला वाटावे, ही कोणी खानदानी घरातील उंच, सुखवस्तू मुलगी असावी. प्रत्यक्षात ती एका कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी होती आणि तिची उंची होती जेमतेम ५ फूट! तिचे नाव सुझान व्हालादाँ.

मॉडेल म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर उंच, शिडशिडीत मुलगी उभी राहते. फॅशनच्या मंचावर ५ फूट ८-९ इंचांची अपेक्षा असते. बुटक्या मुलीला बहुधा दारातूनच परत पाठवतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये मात्र मॉडेल म्हणजे चित्रकारासमोर तासन्‌तास निश्चल बसणारी किंवा उभी राहणारी बाई. तेथे मोजपट्टीपेक्षा अंगाची ठेवण, चेहऱ्यातील जिवंतपणा आणि एकाच स्थितीत टिकून राहण्याची ताकद यांना मोल होते. चित्रकार तिला चित्रात हवे तेवढे उंच करू शकत असे. पण त्या बाईला समाजात मान नव्हता, आणि चित्राखाली तिचे नावही येत नसे.

सुझानचा जन्म २३ सप्टेंबर १८६५ रोजी फ्रान्समधील लिमोज शहराजवळच्या एका लहान गावात झाला. तिचे मूळ नाव मारी-क्लेमांतीन.  बापाचे नाव नाही, हा त्या काळी केवढा कलंक! आई मुलीला घेऊन पॅरिसला आली आणि माँमार्त्रच्या टेकडीवर राहू लागली. तेव्हा तेथे पवनचक्क्या, द्राक्षमळे, स्वस्त खोल्या आणि गरीब चित्रकार यांची दाटी होती. आई दिवसभर धुणे आणि साफसफाईची कामे करी. मुलीची शाळा लवकरच सुटली. टोप्या शिवण्याच्या कारखान्यात, प्रेतावर वाहायच्या फुलांच्या चक्रांच्या कारखान्यात, भाजीच्या गाडीवर, खाणावळीत, अशी मिळतील ती कामे तिने केली. पंधराव्या वर्षी ती सर्कशीत गेली. तिचे लहानसे, चपळ अंग तेथे उपयोगी पडले. पण झुल्यावरून पडल्यामुळे वर्षभरातच ती वाटही बंद झाली.

माँमार्त्रच्या पायथ्याशी पिगाल चौक आहे. तेथील कारंज्यापाशी सकाळी मॉडेलचे काम मागणाऱ्या बाया, पुरुष, मुले जमत आणि चित्रकार येऊन त्यांतून निवड करीत. आपल्याकडे मजुरांचा नाका असतो, तसाच हा नाका! साधारण १८८० पासून सुझान हे काम करू लागली आणि पुढे दहा-बारा वर्षे हाच तिचा पोटाचा धंदा होता. प्युव्हिस द शाव्हान हा वयोवृद्ध, नामांकित चित्रकार. त्याच्या 'पवित्र वनराई' या १८८४ च्या भव्य चित्रातील कितीतरी आकृतींसाठी आपणच उभ्या राहिलो होतो, असे ती पुढे सांगत असे. एकाच ठेंगण्या मुलीवरून चित्रकाराने अनेक देवता रंगवाव्यात, यापेक्षा त्या व्यवसायाचा वेगळा दाखला काय हवा?

चित्रकारांमध्ये ती मारिया म्हणून ओळखली जाई. सुझान हे नाव तिला तुलूझ-लोत्रेकने दिले. लोत्रेक घराण्याने सरदार, पण लहानपणी मांड्यांची हाडे मोडल्याने त्याचे पाय वाढले नाहीत आणि तोही ५ फुटांच्या आसपासच राहिला. बायबलच्या परंपरेत सुझाना नावाच्या स्त्रीची कथा आहे. ती स्नान करीत असताना दोन म्हातारे लपून तिच्याकडे पाहतात. ही मुलगीही म्हाताऱ्या चित्रकारांसमोर बसते, म्हणून लोत्रेकने थट्टेने तिला सुझान म्हटले. तिने ती थट्टा मनाला लावून घेतली नाही. तेच नाव तिने आपल्या चित्रांखाली सहीसाठी घेतले.

होय, आपल्या चित्रांखाली! कारण समोर बसलेली ही मुलगी नुसती बसत नव्हती. चित्रकार तिच्याकडे पाहत आणि ती चित्रकारांकडे पाहत असे. रेघ कोठून सुरू होते, रंग कसे मिसळतात, चुकलेला हात पुन्हा कसा काढतात, हे सारे ती डोळ्यांनी टिपून घेत होती. चित्रकलेच्या वर्गाची फी भरण्याची तिची ऐपत नव्हती. उलट ज्या खोलीत बसण्याचे तिला पैसे मिळत, तीच तिची शाळा झाली.

१८८३ साली रेन्वारने तिला नाचणारी, गोड, गुलाबी अशी रंगवली. त्याच वर्षी तिने स्वतःचे एक चित्र रंगीत खडूंनी काढले. ते आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. त्या चित्रात गोडवा शोधूनही सापडत नाही. ओठ मिटलेले, नजर सरळ आणि थोडी कठोर. वय अवघे अठरा! जगाने तिला कसे पाहिले आणि तिने स्वतःला कसे पाहिले, यांतील अंतर या दोन चित्रांत स्पष्ट दिसते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिला मुलगा झाला. ती अविवाहित माता झाली. मूल आजीकडे सोपवून ती पुन्हा कामाला लागली.

तिची रेखाटने पाहून देगासारखा परखड चित्रकार प्रभावित झाला. त्याने ती विकत घेतली, तिला ताम्रपटावरील कोरीव चित्रणाचे तंत्र शिकवले आणि शेवटपर्यंत तिला उत्तेजन दिले. १८९४ मध्ये तिची पाच रेखाटने राष्ट्रीय ललितकला संस्थेच्या प्रदर्शनात लागली. १८९६ मध्ये तिने पॉल मूसी या सधन गृहस्थाशी लग्न केले. पण सुखवस्तू संसारात तिचे मन रमले नाही. पुढे मुलाचा मित्र आंद्रे उतेर, तिच्याहून २१ वर्षांनी लहान, तिच्या आयुष्यात आला. १९०९ च्या 'आदम आणि ईव्ह' या चित्रात तिने स्वतःला आणि उतेरला रंगवले. पुढे प्रदर्शनासाठी आदमच्या कमरेवर पानांची माळ काढावी लागली. १९१४ मध्ये दोघांनी लग्न केले. तिचे वागणे सर्वांना पटेल असे नाही, पण तिने ते लपवलेही नाही.

मुलगा मॉरिस उत्रिलो लहान वयातच दारूच्या आहारी गेला. त्याला सावरण्यासाठी तिने त्याच्या हाती कुंचला दिला. माँमार्त्रच्या गल्ल्यांचा चित्रकार म्हणून तो जगप्रसिद्ध झाला आणि काही काळ आईचे नाव त्याच्या नावामागे झाकले गेले.

सुझानच्या चित्रांतील बायका टबातून बाहेर पडतात, अंग पुसतात, दमून बसतात. १९२३ च्या 'निळी खोली' मधील बाई पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून, तोंडात सिगारेट धरून पलंगावर ऐसपैस पहुडली आहे. पायाशी पुस्तके आहेत. ती कोणासाठी नटलेली नाही. तासन्‌तास अवघडून बसल्यावर पाठ कशी भरून येते, हे जिला ठाऊक होते तीच अशी बाई रंगवू शकते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. उंचीप्रमाणे ओळ लावली की मी नेहमी टोकाला. इतर मुली ज्या गोष्टी घरूनच शिकून येतात, त्या मी वर्गात बसून नुसत्या पाहत असते, आणि याची मला लाज वाटे. सुझानचे चरित्र समजल्यापासून ती लाज कमी झाली आहे. पाहणे हेही शिकणेच आहे, मात्र पाहिलेले घरी जाऊन हाताने करून बघितले पाहिजे.

७ एप्रिल १९३८ रोजी वयाच्या ७२ व्या वर्षी सुझान गेली. अंत्ययात्रेला पिकासो आणि ब्राक यांच्यासारखे चित्रकार होते. माँमार्त्रमधील ज्या घरात ती राहिली तेथे आज संग्रहालय आहे, आणि २०२५ मध्ये पाँपिदू केंद्राने तिच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. एके काळी चित्राखाली जिचे नाव येत नव्हते, तिचे नाव त्या प्रदर्शनाच्या दारावर होते.