अभियंता व्हायचे राहून गेलेला अर्थशास्त्रज्ञ

कॅरिबियन समुद्रातील सेंट लुशिया या चिमुकल्या बेटावर २३ जानेवारी १९१५ रोजी आर्थर लुईस यांचा जन्म झाला. आई-वडील दोघेही शिक्षक. आर्थर सात वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले आणि पाच मुलांचा भार आईवर पडला. चौदाव्या वर्षी शाळा संपली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे वय होईपर्यंत त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली. मनातून अभियंता व्हायचे होते. पण कृष्णवर्णीय अभियंत्याला ना वसाहतीचे सरकार नोकरी देणार, ना गोऱ्यांच्या कंपन्या. म्हणून १९३३ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी वाणिज्य शाखा निवडली.

पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे. शेतीत अडकलेले अतिरिक्त मनुष्यबळ उद्योगांकडे कसे वळते, हे सांगणारा त्यांचा १९५४ चा निबंध भारतातही आवर्जून अभ्यासला गेला. आपला देश त्यातील एक उदाहरणच होता.

जिव्हारी लागला तो १९६२ चा पराभव. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील बेटांचे संघराज्य मोडले. उरलेल्या छोट्या बेटांना तरी एकत्र ठेवावे म्हणून लुईस यांनी खूप खटपट केली, ती निष्फळ ठरली. राजकारणाने जे साधले नाही, त्याचा थोडा अंश बँकेने साधला असे म्हणावे लागेल. १९७० मध्ये बार्बाडोस येथे कॅरिबियन विकास बँक सुरू झाली आणि लुईस तिचे पहिले अध्यक्ष झाले.

या बँकेची गरज काय होती? बेटावर पाऊस भरपूर, पण साठवण नसेल तर पाणी उतारावरून थेट समुद्रात. धक्का नसेल तर जहाज दूर उभे राहणार आणि माल होड्यांतून उतरवावा लागणार. एका वादळात डोंगरातला रस्ता वाहून जातो. अशा कामांचा खर्च बेटाच्या तिजोरीला न पेलणारा, आणि मोठ्या वित्तसंस्थांच्या दृष्टीने किरकोळ. शिवाय जी बेटे स्वतंत्र नव्हती, त्यांना जागतिक बँकेचे सभासदत्वच मिळत नसे. इथे मात्र माँटसेरातसारखी वसाहतही सभासद होती. जमैका, त्रिनिदाद यांच्यासारख्या मोठ्या भावंडांनी भांडवल घालावे आणि मागासलेल्या सभासदांच्या गरजांकडे तातडीने लक्ष दिले जावे, असे बँकेच्या करारातच होते. गरीब बेटांसाठी सवलतीच्या व्याजाचा वेगळा निधीही उभारला गेला. तरीही ते दान नव्हते. कर्ज फेडायचेच होते.

१९७३ मध्ये लुईस बँकेतून बाहेर पडले. १९७९ मध्ये त्यांना थिओडोर शुल्ट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी सेंट लुशिया स्वतंत्र झाले. १५ जून १९९१ रोजी बार्बाडोसमध्ये त्यांचे निधन झाले. सेंट लुशियातील त्यांच्याच नावाच्या महाविद्यालयाच्या आवारात त्यांची समाधी आहे. पूर्व कॅरिबियनच्या १०० डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे.