निळ्या डबीमागचे डॉक्टर

थंडी पडायला लागली की आपल्या आरशापुढे एक निळी डबी हमखास दिसते, निव्हियाची. मैत्रिणींनो, या डबीतलं क्रीम ज्यांच्या धडपडीमुळे तयार झालं, त्याच डॉक्टरांनी केमिकल पीलच्या शास्त्राचाही पाया घातला, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांचं नाव पॉल गेर्सन उना. जगभरातले त्वचारोगतज्ज्ञ हे नाव आजही आदराने घेतात.

उना यांचा जन्म ८ सप्टेंबर १८५० रोजी हॅम्बुर्गला झाला. वडील डॉक्टर होते. मुलगाही हायडेलबर्गला डॉक्टरकी शिकू लागला, तेवढ्यात १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं. तो लढायला गेला आणि गंभीर जखमी झाला. पण शिक्षण त्याने सोडलं नाही. स्ट्रासबर्गला त्वचेच्या सूक्ष्म रचनेवर प्रबंध लिहिला, व्हिएन्नाला नामवंत त्वचारोगतज्ज्ञांकडे धडे घेतले आणि गावी परतून १८८१ मध्ये स्वतःचा त्वचारोगाचा दवाखाना काढला.

दुसऱ्याच वर्षी, १८८२ मध्ये, त्यांनी सॅलिसिलिक अ‍ॅसिड, रिसॉर्सिनॉल, ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि फिनॉल यांचा त्वचेवर काय परिणाम होतो, ते मांडलं. अशी रसायनं मोजून-मापून लावली की वरचा थर सुटतो आणि खालून नवी त्वचा येते. आजच्या पीलमागचं तत्त्व हेच आहे.

पण नुसती साल काढून हा माणूस थांबला नाही. त्वचेवर काय लावावं आणि ते टिकावं कसं, याचाही त्यांना ध्यास होता. बायर्सडॉर्फ नावाच्या औषधविक्रेत्याच्या मदतीने त्यांनी औषधी पट्ट्या तयार केल्या. पायाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी त्यांनी काढलेली झिंकच्या लेपाची पट्टी तर आजही वापरात आहे. त्या काळच्या मलमांतली चरबी खवट व्हायची. तेल आणि पाणी एकजीव राहील असा आधार उना यांना हवा होता. आयझॅक लिफ्शुट्झ या रसायनतज्ज्ञाने मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून तसा पदार्थ तयार केला. उना यांनी तो बायर्सडॉर्फ कंपनीचे तेव्हाचे मालक ऑस्कर ट्रोप्लोविट्झ यांच्या नजरेस आणून दिला आणि १९११ मध्ये निव्हिया बाजारात आलं. बर्फासारखं शुभ्र, म्हणून हे लॅटिन नाव. निळी डबी आली ती पुढे १९२५ मध्ये. हॅम्बुर्गला विद्यापीठ निघालं, तेव्हा उना तिथे त्वचारोगाचे पहिले प्राध्यापक झाले. २९ जानेवारी १९२९ रोजी त्यांचं निधन झालं.

आता हे सगळं आज कशाला सांगायचं? कारण पील आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचलंय. लग्न महिन्यावर आलं की मुली पील करून घेतात आणि घरी येऊन उटणं, लिंबू, ब्लीच सगळं चालूच ठेवतात. मग चेहरा भाजतो आणि काळे डाग पडतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला तर जरा चुरचुरलं तरी डाग राहतो आणि तो जायला महिनोन्‌महिने लागतात.

दोन पीलमध्ये साधारण दोन ते चार आठवडे जातात. ते दिवस त्वचेला सावरण्यासाठी असतात. पील झाल्यावर चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, टॉवेलने घासू नका, हलकेच टिपा. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा लावा. सालपटं निघाली तरी नखाने ओढू नका. स्क्रब, ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि रेटिनॉलचं क्रीम डॉक्टर सांगतील तोवर बंद. सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि पदर किंवा स्कार्फ घ्याच. फोड आले, पाणी सुटलं, आग थांबेना, तर घरगुती उपाय न करता सरळ डॉक्टर गाठा.

पीलला बसण्याआधीही डॉक्टरांना सगळं सांगा. दिवस गेलेत का, मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का, ओठावर ताप उठतो का. मेडिकलमधून विचारून आणलेलं गोरेपणाचं क्रीम लावत असाल, तर तेही लपवू नका. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं.

पील गोरं होण्यासाठी नसतं. डाग, मुरूम, खडबडीतपणा कमी करायला असतं. ते डॉक्टरांच्या हाती सोपवा. त्यानंतर त्वचेला सांभाळणं मात्र आपल्याच हाती आहे आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.