रॉकेलच्या दिव्यापासून विजेच्या धोरणापर्यंत

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार आणि समतेच्या लढ्याचे सेनानी म्हणून वंदन करतो. देशाच्या विजेचे धोरण आखणारे बाबासाहेब मात्र आपल्या घरांत आणि शाळांतही फारसे सांगितले जात नाहीत. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या जीवनाचा तो पैलू आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी यांनी दापोली आणि साताऱ्यानंतर मुंबई गाठली. परळला चाळीतील एका खोलीत हे कुटुंब राहू लागले. स्वयंपाक, झोप आणि अभ्यास, सारे त्याच खोलीत होई. भीमराव संध्याकाळीच झोपत आणि रात्री दोनच्या सुमारास वडील त्यांना उठवीत. मग बिनकाचेच्या रॉकेलच्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचन चाले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, ते अशा उजेडात.

हा उजेड निर्माण कसा होतो, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. रॉकेल जळताना ज्योतीत काजळीचे सूक्ष्म कण तयार होतात आणि ते तापून पिवळे चमकतात. इंधनातील रासायनिक ऊर्जेचा अगदी थोडा अंश प्रकाशात बदलतो. बाकी सारी उष्णता होऊन जाते. शिवाय रॉकेल विकत घ्यावे लागते. गरिबाच्या घरी अभ्यासाच्या प्रत्येक तासाला अशी किंमत असे.

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, १९१५ साली, आपल्या मावळात एक वेगळी व्यवस्था सुरू झाली. लोणावळ्याच्या धरणांत साठवलेले पावसाचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून वीज निर्माण होऊ लागली. उंचावरचे पाणी खाली येताना वेग घेते, त्या वेगाने चक्र फिरते आणि चक्राला जोडलेले जनित्र वीज देते. ती वीज दिव्यातील बारीक तारेतून वाहिली की तार तापून प्रकाशते. खोपोलीची ही वीज प्रथम गेली ती मुंबईच्या गिरण्यांकडे. वीज निर्माण करण्याचे तंत्र आले होते. ती कोणासाठी आणि किती दराने, हा प्रश्न उरला होता.

त्या प्रश्नाला हात घालण्याची संधी बाबासाहेबांना जुलै १९४२ मध्ये मिळाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे आले. सार्वजनिक बांधकाम व वीज यांसाठी नेमलेल्या धोरण समितीसमोर १९४३ साली त्यांनी आपली भूमिका मांडली. शेतीवरचा भार कमी करून दारिद्र्य हटवायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी मुबलक व अतिशय स्वस्त वीज हवी, असे त्यांचे म्हणणे होते. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज एकत्र साधणाऱ्या दामोदर खोरे योजनेला आणि महानदीवरील हिराकूडच्या विचारालाही त्यांच्या कारकिर्दीतच आकार आला. दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली अस्तित्वात आले.

याच काळात, ८ जुलै १९४५ रोजी, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्याच्या वीस वर्षे आधी, १९२५ साली, त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. विद्यार्थ्याला पुस्तकाबरोबर निवारा लागतो आणि उजेडही लागतो, हे त्यांनी स्वतः भोगून जाणले होते. आमच्यासारख्या निवासी शाळांचे मूळ त्या जाणिवेत आहे.

पुनावळ्याहून जवळच असलेल्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज घरोघरी एलईडी दिवे आहेत. त्यांत तार तापवावी लागत नाही. अर्धवाहक पदार्थातील इलेक्ट्रॉन आपली जादा ऊर्जा थेट प्रकाशरूपाने सोडतात, त्यामुळे थोड्या विजेत भरपूर उजेड मिळतो. तरी तो अजून सर्वांना सारखा मिळत नाही. आपल्या परिसरातील कारखान्यांत राबणाऱ्या कित्येक पालकांनी स्वतः चिमणीच्या उजेडात शाळा केली आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, ज्याच्या घरी रात्री अभ्यासाला जागा आणि दिवा नाही अशा एका तरी मुलाची सोय आपण करावी. बाबासाहेबांना असे अभिवादन करणे आम्हांला अधिक योग्य वाटते.