फुटबॉलचे कप्तान डॉ. तालिमेरेन आओ



या वेळच्या भित्तिपत्रकात प्रत्येकाने एका थोर व्यक्तीची माहिती लिहायची आहे. पुष्कळ मुलांनी शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक, सावित्रीबाई फुले यांच्यावर लिहिले आहे. मी डॉ. तालिमेरेन आओ यांच्यावर लिहीत आहे. हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. पण ते ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाचे कप्तान होते आणि शिकून डॉक्टरही झाले. एकच माणूस आणि दोन्ही! बाईंनी त्यांची गोष्ट सांगितली तेव्हाच मी ठरवले की लिहीन तर यांच्यावरच.

तालिमेरेन यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी चांगकी या गावी झाला. हे गाव भारताच्या अगदी पूर्वेला डोंगरात आहे. त्या भागाला तेव्हा नागा टेकड्या म्हणत. आता तिथे नागालँड हे राज्य आहे. आओ हे त्यांच्या जमातीचे नाव. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मगुरू होते. घरात बारा भावंडे होती. पुढे ते सगळे इम्पूर या गावी राहायला गेले.

लहानपणी त्यांच्याकडे विकतचा चेंडू नव्हता. मग काय, चिंध्या गुंडाळून चेंडू करायचा आणि अनवाणी खेळायचे! आपणही चिंध्यांचा चेंडू करतो, म्हणून मला हे वाचून फार आनंद झाला. डोंगरातली जागा उंचसखल. तिथे चेंडू सांभाळता सांभाळता त्यांचे पाय तयार झाले.

पुढे ते आसामातील जोरहाट येथील शाळेत शिकायला गेले. घर सोडून लांब राहावे लागले. १९३५ साली त्यांचे वडील विषमज्वराने वारले. तेव्हा तालिमेरेन सतरा वर्षांचे होते. वडिलांची इच्छा होती की मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या नागा लोकांची सेवा करावी. त्यांनी ही गोष्ट मनात पक्की धरली.

मग ते गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात गेले. तिथे अभ्यास चालूच होता आणि खेळही चालू होता. ते फुटबॉल तर खेळतच, पण मैदानी स्पर्धांतही बक्षिसे मिळवत. गुवाहाटीच्या महाराणा क्लबकडूनही ते फुटबॉल खेळले.

१९४२ साली त्यांना कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. आता खेळ बंद झाला असेल असे तुम्हाला वाटेल. पण झाले उलटेच. १९४३ साली ते मोहन बागान या मोठ्या संघात खेळू लागले. या संघाने १९११ साली इंग्रज सैनिकांच्या संघाला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली होती. तेव्हाही त्यांचे बहुतेक खेळाडू अनवाणीच होते. अशा नामांकित संघाचे तालिमेरेन पुढे कप्तान झाले.

ते मधल्या फळीत खेळत. मधल्या खेळाडूचे काम फार अवघड असते. समोरून चाल आली की अडवायची आणि चेंडू मिळाला की आपल्या पुढच्या गड्याला द्यायचा. गोल दुसराच करतो आणि टाळ्या त्यालाच मिळतात. पण मधला गडी चुकला तर सगळा संघ उघडा पडतो. आओ उंच होते, त्यामुळे डोक्याने चेंडू अडवायला ते पटाईत होते.

एकीकडे हा खेळ आणि दुसरीकडे डॉक्टरीची जाड जाड पुस्तके. माणसाच्या अंगातले प्रत्येक हाड पाठ करावे लागते. हाडे २०६ असतात! मला तर सगळे पाढे पाठ करतानाच घाम फुटतो.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. भारत १९४७ ला स्वतंत्र झाला होता, म्हणून स्वतंत्र भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक. आओ फुटबॉल संघाचे कप्तान होते. एवढेच नाही, तर २९ जुलै १९४८ रोजी उद्घाटनाच्या संचलनात भारताचा तिरंगा झेंडा त्यांच्याच हातात होता. एका वर्षापूर्वी आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते, आणि आता इंग्रजांच्याच राजधानीत आपला झेंडा पुढे चालला होता. तो धरणारा मुलगा डोंगरातल्या एका लहानशा गावचा होता.

त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या सातारा जिल्ह्यातले गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव हेही गेले होते. तेसुद्धा कॉलेजात शिकलेले होते. कुस्तीत त्यांचा तेव्हा सहावा नंबर आला आणि पुढे १९५२ साली त्यांनी कांस्यपदक मिळवले.

आता फुटबॉलचा सामना ऐका. ३१ जुलै १९४८ रोजी भारताची गाठ फ्रान्सशी पडली. फ्रान्सचे सगळे खेळाडू बूट घालून आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी! पायाला नुसत्या पट्ट्या बांधलेल्या. फ्रान्सने पहिला गोल केला. मग सत्तराव्या मिनिटाला आपल्या रामन यांनी गोल करून बरोबरी साधली. भारताला दोन वेळा पेनल्टी मिळाली, पण दोन्ही वाया गेल्या. शेवटी एकच मिनिट उरले असताना फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण २-१ असे हरलो. बाईंनी हे सांगितले तेव्हा आमचा सगळा वर्ग हळहळला. पण आपल्या संघाचा खेळ बघून तिकडच्या लोकांनी त्यांचे कौतुकच केले.

परत आल्यावर आओ नुसते सत्कार घेत बसले नाहीत. पुन्हा पुस्तके उघडली आणि १९५० साली ते डॉक्टरीची परीक्षा पास झाले.

आता एक गणित बघा. १९५० मधून १९४२ वजा केले तर ८ उरतात. म्हणजे डॉक्टर व्हायला त्यांना आठ वर्षे लागली. वेळ लागला, पण त्यांनी अभ्यास सोडला नाही आणि खेळही सोडला नाही.

हे मी मुद्दाम लिहीत आहे. आमचा दादा कबड्डी फार छान खेळायचा. तालुक्याच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले होते. पण तो दहावीला गणितात राहिला. तेव्हापासून आमचे आबा म्हणतात की खेळानेच पोराचं वाटोळं केलं. दादा आता ट्रॅक्टरवर जातो. तो कबड्डीचं नाव काढत नाही आणि पुस्तकाचंही नाही. मला वाटते, राहिले होते गणित, मग गणित करायचे. त्यासाठी कबड्डी कशाला सोडायची? परीक्षेला परत बसता येते असे बाईंनी सांगितले आहे. आज आबा शाळेत येणार आहेत, म्हणून खालची ओळ मी मोठ्या अक्षरात लिहिली आहे.

खेळणारा मुलगा शिकू शकतो आणि उशीर झाला तरी शिकू शकतो.

डॉक्टर झाल्यावर आओ यांना कलकत्त्यातच राहता आले असते. तिथे त्यांचे नाव झाले होते. लोक त्यांना रस्त्यात ओळखत असतील. पण ते आपल्या डोंगरात परत गेले. कोहिमा येथील सरकारी दवाखान्यात त्यांनी काम केले. १९६३ साली नागालँड राज्य झाले. पुढे ते त्या राज्याच्या आरोग्य सेवेचे संचालक झाले आणि १९७८ साली निवृत्त झाले. वडिलांना जे हवे होते ते त्यांनी असे पूर्ण केले. ते बघायला वडील नव्हते, याचे मला वाईट वाटते.

१३ सप्टेंबर १९९८ रोजी डॉ. आओ यांचे निधन झाले. २०१८ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा भारत सरकारने त्यांच्या नावाने टपालाचे तिकीट काढले. ईशान्य भारतात त्यांच्या नावाने फुटबॉलच्या स्पर्धाही भरवल्या गेल्या.

मित्रांनो, मधल्या सुट्टीत आपण चिंध्यांचा चेंडू खेळतो तेव्हा त्यांची आठवण ठेवू या. आणि घंटा झाली की धावत वर्गात जाऊ या, कारण तेही तसेच करत असतील. लंडनमध्ये आपला तिरंगा धरणाऱ्या आणि नंतर गावच्या आजारी माणसांची नाडी धरणाऱ्या डॉ. तालिमेरेन आओ यांना माझा आदराचा नमस्कार.

— इयत्ता ४ थी