मोनेचा मोतीबिंदू

१९२२ च्या सप्टेंबर महिन्यात पॅरिसमधील नेत्रतज्ज्ञ शार्ल कुतेला याने एका पांढऱ्या दाढीच्या, एक्क्याऐंशी वर्षांच्या रुग्णाचे डोळे तपासले. उजव्या डोळ्याला आता केवळ उजेड जाणवत होता. डाव्या डोळ्याची दृष्टी सामान्य दृष्टीच्या जेमतेम एक दशांश उरली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे या रुग्णाला दहा वर्षांपूर्वी, १९१२ मध्येच सांगण्यात आले होते. शस्त्रक्रियेचा सल्लाही तेव्हाच मिळाला होता. ती करावी की करू नये, या विचारात त्याने एक दशक काढले होते आणि आता निर्णय पुढे ढकलण्यास जागा उरली नव्हती. या रुग्णाचे नाव क्लॉद मोने. प्रकाशाचा चित्रकार म्हणून जग ज्याला ओळखत होते, त्याच्या डोळ्यांत प्रकाशच शिरेनासा झाला होता.

मोनेचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये झाला. बालपण मात्र ल हाव्र या बंदराच्या गावी गेले. शाळकरी वयात तो गावातल्या मंडळींची व्यंगचित्रे काढून चार पैसे मिळवू लागला होता. यूजीन बुदँ या चित्रकाराने त्याला उघड्यावर, आकाशाखाली बसून चित्र काढण्याची गोडी लावली आणि तेथून त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. १८७४ मध्ये मोने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यातील मोनेच्या एका सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून एका समीक्षकाने या मंडळींची थट्टा केली आणि त्या थट्टेतूनच ‘इम्प्रेशनिझम’ हे चळवळीचे नाव रूढ झाले. दारिद्र्य, कर्ज, १८७९ मध्ये पत्नी कामीय हिचा मृत्यू असे बरेच काही सोसून १८८३ मध्ये तो जिव्हर्नी या खेड्यात आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला.

या चित्रकाराच्या दृष्टीने डोळा म्हणजे काय होता, हे त्याच्या चित्रमालिकांवरून समजते. गवताच्या गंजी, रुआँचे कॅथेड्रल, पॉपलरची झाडे असे एकच दृश्य घेऊन तो सकाळच्या, दुपारच्या, धुक्यातल्या, मावळतीच्या प्रकाशात पुन्हा पुन्हा रंगवीत असे. अनेक कॅनव्हास शेजारी मांडलेले असत. उजेड बदलला की तो एक खाली ठेवून दुसरा हाती घेई. वस्तूपेक्षा तिच्यावर पडलेला प्रकाश हाच त्याचा विषय होता. जिव्हर्नीला त्याने जमीन घेऊन तळे तयार केले, त्यात कमळे लावली, वर जपानी पद्धतीचा पूल बांधला आणि उरलेले आयुष्य त्या पाण्यातले आभाळ रंगवण्यात घालवण्याचे ठरवले.

नेमक्या याच काळात नजर दगा देऊ लागली. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग हळूहळू गढूळ होते आणि वयोमानाने होणाऱ्या प्रकारात ते पिवळे, पुढे तपकिरी होत जाते. अशा भिंगातून निळा आणि जांभळा प्रकाश फारसा आत येत नाही. पांढरा रंग पिवळट दिसतो, निळा काळपट होतो, जवळजवळच्या छटांतील फरक पुसला जातो. इतर माणसाला ही अडचण वर्तमानपत्र वाचताना किंवा जिना उतरताना कळते. मोनेला ती पॅलेटवर कळली. तांबडे रंग त्याला मळकट वाटू लागले, गुलाबी रंग निस्तेज झाले. दुपारच्या प्रखर उन्हात डोळे दिपू लागले म्हणून त्याने रुंद काठाची गवती टोपी घातली आणि कामाच्या वेळा बदलल्या. पुढे पुढे रंगाच्या नळ्यांवरील नावे वाचून आणि पॅलेटवरील रंगांचा क्रम कायम ठेवून तो काम भागवू लागला. आपण कोणता रंग लावतो आहोत हे त्याला ठाऊक असे. तो कसा दिसतो आहे, याची खात्री मात्र राहिली नव्हती.

मग शस्त्रक्रिया का नको होती? आज हा प्रश्न सोपा वाटतो. आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साधारणतः अर्ध्या तासाच्या आत उरकते, गढूळ भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवले जाते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. १९१२ मध्ये यातले काही नव्हते. डोळ्यात कोकेनचे थेंब घालून भूल देण्याची सोय १८८४ पासून झाली होती खरी. पण भिंग काढल्यावर त्या जागी घालायला काहीच नव्हते. पहिले कृत्रिम भिंग लंडनमध्ये हॅरल्ड रिडली याने बसवले ते १९४९ मध्ये. तोवर भिंग गमावलेल्या रुग्णाला जाड, जड चष्म्यावर विसंबावे लागे. प्रतिजैविके नव्हती, त्यामुळे जखम चिघळली तर डोळा जाण्याचे भय असे. शिवाय चांगली उदाहरणे मोनेच्या डोळ्यांसमोर नव्हती. इम्प्रेशनिस्ट वर्तुळातील अमेरिकन चित्रकर्ती मेरी कसाट हिच्या डोळ्यांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. नजर परत आली नाही आणि तिचे चित्र काढणे थांबले.

मोनेची भीती केवळ अंधत्वाची नव्हती. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी जे दिसेल ते पूर्वीसारखे असेल काय, ही धास्ती त्याहून खोल होती. सदोष असली तरी आहे ती नजर त्याच्या सवयीची होती. नव्या नजरेचा भरवसा कोण देणार? याच सुमारास घरातही एकामागून एक आघात झाले. १९११ मध्ये दुसरी पत्नी आलिस गेली, १९१४ मध्ये थोरला मुलगा जाँ गेला. जाँची विधवा आणि आलिसची मुलगी ब्लांश ही जिव्हर्नीला राहून म्हाताऱ्याचे घर सांभाळू लागली. ती स्वतः चित्रकार होती.

या काळात मोनेच्या पाठीशी खंबीरपणे उभा राहिलेला माणूस म्हणजे जॉर्ज क्लेमान्सो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात फ्रान्सचे पंतप्रधानपद सांभाळणारा हा नेता शिक्षणाने डॉक्टर होता आणि मोनेचा जुना स्नेही होता. मोतीबिंदूचे निदान झाल्यापासून तो मित्राला धीर देत होता. त्याच्याच आग्रहाने मोनेने कमळांच्या भव्य चित्रांचा संकल्प केला. त्यासाठी युद्धकाळातच बागेत प्रचंड चित्रशाळा उभी राहिली. युद्धविराम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, मोनेने विजयाच्या निमित्ताने आपली दोन चित्रे राष्ट्राला देऊ केली. त्या देणगीचा व्याप पुढे वाढत गेला आणि एप्रिल १९२२ मध्ये सरकारशी रीतसर करार झाला. पॅरिसच्या ओरांजरी या इमारतीत दोन लंबवर्तुळाकार दालने केवळ या चित्रांसाठी सिद्ध होणार होती.

म्हणजे शब्द दिला गेला होता आणि तो पाळण्यासाठी लागणारे डोळे निकामी होत चालले होते. त्या वर्षी मोनेला काम जवळजवळ थांबवावे लागले. कुतेलाकडे जाण्याची वेळ आली ती अशी.

कुतेलाने प्रथम डाव्या डोळ्यात बाहुली रुंदावणारे थेंब घालून पाहिले. गढूळ भागाच्या कडेने थोडा अधिक प्रकाश आत जाऊ लागला आणि मोनेला बरे दिसू लागले. तो इतका हरखला, की एवढ्यावरच भागेल अशी आशा त्याला वाटू लागली. पण थेंबांचा हा दिलासा तात्पुरता होता. अखेर ठरले ते असे, की शस्त्रक्रिया उजव्या डोळ्यावर करायची. त्या डोळ्यात गमावण्यासारखे थोडेच उरले होते. काही विपरीत घडलेच, तर थोडेफार पाहणारा डावा डोळा शाबूत राहणार होता. भित्र्या रुग्णाला पटावा असाच हा हिशेब होता.

जानेवारी १९२३ मध्ये पॅरिसलगतच्या नूयी येथील रुग्णालयात दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया झाली. पहिल्या वेळी बुबुळाच्या पडद्याचा छोटा भाग काढण्यात आला. महिनाअखेरीस दुसऱ्या वेळी गढूळ भिंग बाहेर काढले गेले. खरी परीक्षा त्यानंतरची होती. जखम जुळून येईपर्यंत रुग्णाने डोळ्यांवर पट्ट्या बांधून, डोके न हलवता उताणे पडून राहणे आवश्यक असे. आयुष्यभर उघड्यावर हिंडलेल्या मोनेला हे सोसवेना. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर त्याला मळमळ आणि उलट्यांचा त्रास झाला होता. आता तो अस्वस्थ होऊन अंथरुणातून उठू पाही, पट्ट्या ओढून काढू पाही. ब्लांश उशाशी बसून होती. उन्हाळ्यात भिंगामागे राहिलेला पडदा गढूळ झाल्याने जुलैमध्ये तिसरी छोटी शस्त्रक्रिया करावी लागली.

त्यानंतरचे महिने कुतेलाच्या सहनशक्तीचा अंत पाहणारे ठरले. वैद्यकीय दृष्टीने शस्त्रक्रिया साधली होती. चष्मा लावून मोनेला वाचता येत होते. पण मोनेला वाचायचे नव्हते, रंगवायचे होते. जाड चष्म्यातून वस्तू मोठ्या आणि वाकड्या दिसत. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात उमटणारी प्रतिमा दुसऱ्या डोळ्यातील प्रतिमेपेक्षा सुमारे पाव पटीने मोठी असल्याने दोन्ही डोळ्यांचा मेळ बसणे अशक्य होते. रंगांचे तर विचित्रच झाले. आधी सारे पिवळे दिसे, मग सारे निळे दिसू लागले. कित्येक वर्षे पिवळ्या पडद्याआडून पाहणाऱ्या डोळ्यावर निळ्या प्रकाशाचा एकाएकी मारा झाला होता. मोनेने डॉक्टरला संतापाची पत्रे लिहिली, शस्त्रक्रिया करून घेतल्याचा पश्चात्ताप केला. जुनी चित्रे नव्या डोळ्याने पाहून त्यातील काही त्याने नष्ट केली, काही पुन्हा रंगवायला घेतली.

वाट निघाली ती हळूहळू. १९२४ मध्ये जाक मावास या दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाने त्याच्यासाठी झाइस कंपनीची, रंगछटा असलेली भिंगे मिळवली. डाव्या डोळ्यापुढील काच झाकून टाकल्यावर दुहेरी प्रतिमांचा त्रासही संपला. मनाचे हेलकावे मात्र चालूच होते. १९२५ च्या आरंभी चित्रांची देणगीच रद्द करण्याचा विचार त्याने कळवला, तेव्हा क्लेमान्सो भडकला. दोघांची मैत्री तुटते की काय अशी वेळ आली. त्याच वर्षी उन्हाळ्यात मात्र नजर आणि मेंदू यांचा समेट झाला असावा. रंग पुन्हा ओळखीचे वाटू लागले आणि मोने तरुणाच्या उत्साहाने कामाला लागला.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्याने अखेरपर्यंत होऊ दिली नाही. क्लेमान्सोने समजावले, डॉक्टरांनी सांगून पाहिले. शास्त्राच्या हिशेबाने दुसराही डोळा करून घेणे सोयीचे होते. दोन्ही प्रतिमा सारख्या झाल्या असत्या. पण पहिल्या निर्णयाची किंमत त्याने स्वतः मोजली होती आणि ती पुन्हा मोजण्याची त्याची तयारी नव्हती.

या आजाराचा त्याच्या कलेवर काय परिणाम झाला, याची चर्चा पुढे खूप झाली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या काही वर्षांतील जपानी पुलाची चित्रे लालभडक, तपकिरी आणि आकार विरघळून गेलेली आहेत. पुढच्या पिढीतील अमूर्त चित्रकलेच्या चाहत्यांना त्यांत क्रांती दिसली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ मायकेल मार्मर यांनी २००६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने मोनेच्या नजरेला ती बाग कशी दिसत असेल याची चित्रे तयार केली. त्यांत तळे आणि पूल मळकट पिवळ्या अंधुकतेत बुडून गेलेले दिसतात. शस्त्रक्रियेनंतर मोनेची रंगसंगती पुन्हा पूर्वीच्या निळ्या-हिरव्या वळणावर आली, हे ध्यानात घेता तो भडकपणा सर्वस्वी हेतुपुरस्सर नसावा असे मानण्यास जागा आहे. अर्थात, डोळा काय दाखवीत होता आणि मन काय शोधत होते, हे कोणत्याही यंत्राला पुरते वेगळे करता येणार नाही.

५ डिसेंबर १९२६ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, मोनेने जिव्हर्नीला अखेरचा श्वास घेतला. ती चित्रे त्याने जिवंतपणी हातातून सोडलीच नाहीत; शेवटपर्यंत तो त्यांवर हात फिरवीत राहिला. १७ मे १९२७ रोजी ओरांजरीची दालने लोकांसाठी खुली झाली. सुमारे दोन मीटर उंचीच्या आणि एकूण नव्वद मीटरहून अधिक लांबीच्या त्या आठ रचनांमध्ये आजही पाणी, ढग आणि कमळे यांची सीमारेषा सापडत नाही.

शस्त्रक्रिया टाळण्यात गेलेल्या दहा वर्षांत मोनेने काय गमावले आणि ती अखेर करून घेतल्याने काय मिळवले, याचा ताळेबंद मांडणे अवघड आहे. त्याला हवी होती ती जुनी नजर कोणताही शल्यविशारद परत देऊ शकत नव्हता. त्याला मिळाली ती चष्म्याआडची, एकाच डोळ्याची नजर. तिच्याशी भांडत, तिला शिव्या देत तो तिला सरावला. ओरांजरीतील त्या पाण्यावर अखेरचे हात फिरले, ते या नजरेच्या भरवशावर.