कुलूपबंद जिममधली मॅच

बास्केटबॉल शोधून काढला जेम्स नायस्मिथ यांनी, १८९१ साली. पण नायस्मिथ सरांकडे शिकूनही त्यांच्या विद्यापीठाच्या टीममध्ये एकदाही खेळायला न मिळालेला एक पोरगा होता, हे माहितीये? त्याचं नाव जॉन मॅक्लेंडन.

जॉन अमेरिकेतल्या कॅन्ससचा. जन्म १९१५चा. १९३३ साली तो कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकायला गेला. नायस्मिथ तिथेच प्राध्यापक होते. पण जॉन कृष्णवर्णीय, आणि विद्यापीठाच्या टीममध्ये तेव्हा फक्त गोऱ्यांनाच जागा. इतकंच काय, तो पोहून गेला तर तलावातलं पाणी उपसून टाकलं गेलं!

खेळता येत नाही ना, मग खेळ समजून घेऊ, असं त्याने ठरवलं. नायस्मिथ सरांकडून त्याने जमेल तेवढं शिकून घेतलं. १९४० मध्ये तो नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम गावी, कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचा मुख्य कोच झाला. त्याची पोरं सुसाट पळायची. चेंडू हातात आला की समोरचे बचावाला उभे राहायच्या आत बास्केट. आज ज्याला आपण फास्ट ब्रेक म्हणतो, तो रुजवणाऱ्यांत जॉनचं नाव फार वरचं.

त्याच गावात ड्यूक विद्यापीठ. तिथल्या मेडिकलच्या गोऱ्या मुलांची टीमही तगडी होती. पण काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळणं तेव्हा तिथे चालतच नव्हतं. कळलं असतं तर नोकरी जाणं सोडाच, जिवावर बेतलं असतं. तरी जॉनने मॅच ठरवली. १२ मार्च १९४४, रविवार सकाळ. गाव चर्चमध्ये. पाहुणे गुपचूप आले, जिमला आतून कुलूप लागलं. प्रेक्षक आत घेतलेच नाहीत. निकाल ८८-४४, जॉनच्या पोरांनी दुप्पट गुणांनी धुतलं! नंतर दोन्हीकडचे खेळाडू मिसळून दोन टीम केल्या आणि पुन्हा खेळले. ही गोष्ट जगासमोर आली १९९६ मध्ये, ५०हून जास्त वर्षांनी.

जॉन मात्र थांबला नव्हता. टेनेसीतल्या कॉलेजला त्याने १९५७, ५८, ५९ असं सलग तीनदा एनएआयए स्पर्धेचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. १९६६ मध्ये तो क्लीव्हलँड स्टेटचा कोच झाला. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या विद्यापीठात मुख्य कोच होणारा तो पहिला कृष्णवर्णीय.

नायस्मिथ सरांच्याच नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये १९७९ साली त्याला जागा मिळाली, पण 'योगदान' या गटात. १९९९ मध्ये तो गेला. कोच म्हणून तिथे त्याचं नाव लागायला २०१६ उजाडलं.

उशीर झाला खरा. पण पुढच्या वेळी कोर्टवर फास्ट ब्रेक दिसला, की विद्यापीठाची जर्सी कधीच न मिळालेला हा कोच आठवा.